एका चित्रात चार घड्याळे: मराठवाड्याच्या एकत्रित रडार-चित्राबद्दल खुले पत्र

प्रति,
आपत्ती व्यवस्थापन कक्ष, विभागीय आयुक्त कार्यालय, छत्रपती संभाजीनगर;
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे आपत्ती नियंत्रण कक्ष;
आणि रडारची एकत्रित चित्रे तयार करणारी तंत्रज्ञ मंडळी

विषय: अनेक रडारची चित्रे जोडण्याचे वेळापत्रक आणि त्यावर दाखवायची वेळ

स. न. वि. वि.

मराठवाड्याचे आकाश आजवर शेजाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिले गेले आहे. आग्नेयेला हैदराबाद, ईशान्येला नागपूर, पश्चिमेला मुंबई, दक्षिणेला सोलापूर. पहिल्या तीन ठिकाणची रडार हवामान विभागाची. सोलापूरचे सी-बँड, म्हणजे पाच सेंटिमीटर लहरीचे, रडार पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या संशोधनासाठी बसवलेले. आठ जिल्ह्यांचा पाऊस एका नजरेत पाहायचा तर या चौघांचे चित्र जोडण्यावाचून मार्ग नाही. म्हैसमाळच्या डोंगरावर रडार बसवण्याचा विषय बरीच वर्षे चर्चेत आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तरी पुढे लिहिलेले एकही काम टळत नाही, उलट जोडायला आणखी एक रडार येते.

आमची मागणी साधी आहे. जोडलेल्या चित्रातला प्रत्येक तुकडा किती वाजताचा आहे हे त्या चित्रावरच दिसले पाहिजे. जो तुकडा शिळा झाला तो काढून टाकून तिथे 'माहिती नाही' असे दाखवले पाहिजे. बाकी सगळे पत्र हे कसे करायचे आणि न केल्यास काय बिघडते याबद्दल आहे.

आधी अंतरांचा हिशेब, कारण मराठवाड्याची अडचण तिथेच सुरू होते. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि जमीन त्याच्याखालून वळत जाते. सर्वांत खालचा कोन ०.५ अंश धरला, तर नेहमीच्या वातावरणात किरणाचा मध्य १०० किलोमीटरवर साधारण दीड किलोमीटर उंच असतो, २०० किलोमीटरवर ४.१ आणि २५० किलोमीटरवर ५.९ किलोमीटर. आता हे आकडे आपल्या नकाशावर ठेवा. सोलापूरहून धाराशिव सुमारे ६० किलोमीटर, तिथे किरण पाऊण किलोमीटरवर आहे. लातूर १०५-११० किलोमीटर, बीड दीडशेच्या आसपास. बीडवर किरण अडीच किलोमीटरच्या थोडा वर. इथवर ठीक. परभणी २०० किलोमीटर. नांदेड हैदराबादहूनही आणि सोलापूरहूनही सव्वादोनशेच्या घरात, म्हणजे किरण पाच किलोमीटरला टेकलेला. हिंगोली नागपूरपासून अडीचशे. जालना सोलापूरपासून २४० किलोमीटर, मुंबई आणि नागपूर दोन्हींपासून तीनशेच्या पुढे. छत्रपती संभाजीनगरचीही तीच गत, त्यात मुंबईच्या रडारच्या खालच्या किरणांना सह्याद्रीची भिंत आडवी येते.

जालन्यावर किरण साडेपाच किलोमीटर उंच असतो आणि एक अंश रुंदीचा किरण तिथे चार किलोमीटरहून जाड झालेला असतो. ऑगस्टमधली झड देणारे ढग पुष्कळदा याच्या खालीच बरसतात. म्हणून जालन्यावर चित्र कोरे असताना जालन्यात चिखल होऊ शकतो. वळवाचा उंच ढग दिसेल, भीज पाऊस दिसणार नाही. या भागात 'पाऊस नाही' आणि 'दिसत नाही' यांचा रंग एकच ठेवणे ही चित्रातली सर्वांत मोठी चूक आहे. जिथे किरण चार किलोमीटरच्या वर आहे तिथे चित्रावर तिरप्या रेषांची फिकट छटा कायम ठेवा. हा नकाशा एकदाच बनवायचा असतो, फार तर अर्ध्या दिवसाचे काम. मात्र एखादे रडार बंद पडले की ही छटा बदलते, म्हणून प्रत्येक संभाव्य गैरहजेरीसाठी वेगळी छटा आधीच तयार करून ठेवा.

आता वेळ. रडार फोटो काढत नाही. ते एका कोनात पूर्ण फेरी मारते, मग कोन वाढवते, पुन्हा फेरी. असे दहाएक कोन झाले की एक पूर्ण स्कॅन होतो आणि त्यात बहुधा सहा ते आठ मिनिटे जातात. नवा स्कॅन साधारण दर दहा मिनिटांनी. म्हणजे एकाच फाईलमध्ये खालचा थर आणि वरचा थर यांत पाच-सात मिनिटांचे अंतर असतेच. त्यातच फाईलवरची वेळ एका ठिकाणी स्कॅन सुरू झाल्याची असते, दुसऱ्या ठिकाणी संपल्याची. जोडणाऱ्याने ही गोष्ट प्रत्येक रडारसाठी एकदा तपासून लिहून ठेवली नाही, तर तेवढ्यानेच सात-आठ मिनिटांची चूक कायमची घुसते.

आठ मिनिटांनी काय बिघडते? एप्रिल-मे महिन्यातला गारांचा ढग ताशी ४५ किलोमीटरने सरकतो असे धरा. आठ मिनिटांत तो ६ किलोमीटर पुढे जातो. एका रडारने त्याला आधी पाहिले, दुसऱ्याने नंतर. जोडताना 'दोघांपैकी जास्त तीव्रता घ्या' हा नियम असेल तर एकाच ढगाचे दोन ढग होतात, किंवा एक लांबलचक ढग होतो. उदगीर, मुखेड, देगलूर हा पट्टा याला विशेष बळी पडतो, कारण तो नेमका शिवणीवर, म्हणजे दोन रडारची चित्रे जिथे जुळतात तिथे, आहे. मुखेड हैदराबादपासून सुमारे १८० किलोमीटर आणि सोलापूरपासून सुमारे १९०. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावे पाण्याखाली गेली. असा पाऊस शिवणीवर पडत असेल तेव्हा ढग एक आहे की दोन, तो थांबला आहे की सरकतो आहे, हे चित्राने बरोबर सांगायला हवे.

यावरचा उपाय म्हणजे सगळ्या तुकड्यांना एकाच ठरलेल्या क्षणावर आणणे. प्रत्येक रडारच्या मागच्या दोन चित्रांवरून ढगांची दिशा आणि वेग काढा, आणि तुकडा ठरलेल्या वेळेपर्यंत पुढे किंवा मागे सरकवा. ही सरकवणी दहा मिनिटांच्या पलीकडे नेऊ नका. मोसमी पावसाच्या पसरट ढगांना ती छान लागू पडते. वळवाचा ढग दहा मिनिटांत जन्मतो आणि फुगतो, त्याला सरकवून खरा करता येत नाही. तिथे ताजा तुकडा एवढाच इलाज.

तो ताजा तुकडा मिळवण्याचे वेळापत्रक असे असावे, अशी आमची सूचना आहे. समजा १६:३० चे चित्र करायचे आहे. बहुतेक ठिकाणी जोडणीचा प्रोग्राम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या संगणकातल्या सोयीत) ठोक दहा मिनिटांवर, म्हणजे ००, १०, २० वर लावलेला असतो. १६:३० ला प्रोग्राम उठतो तेव्हा १६:२२ ला सुरू झालेला स्कॅन नुकताच संपलेला असतो, फाईल वाटेत असते, आणि प्रोग्राम निमूटपणे १६:१२ चा तुकडा उचलतो. चित्रावर मात्र १६:३० छापले जाते. म्हणून प्रोग्राम ०७, १७, २७, ३७, ४७, ५७ या मिनिटांना लावा. १६:३७ ला तो १६:३० च्या चित्रासाठी फायली शोधेल. ज्यांचा स्कॅन १६:२२ ते १६:३२ मध्ये सुरू झाला तेवढ्याच घेईल. जे आले नाही ते रिकामे सोडेल, आणि पहिली आवृत्ती देईल. मग १६:४५ ला पुन्हा एकदा पाहील. उशिरा आलेली फाईल असेल तर त्याच १६:३० च्या चित्राची दुसरी आवृत्ती काढेल आणि पहिलीच्या जागी ठेवेल, कोपऱ्यात 'आवृत्ती २' असे लिहून. सात मिनिटे थांबणे कोणाला जड वाटेल. पण जुना तुकडा नव्या वेळेच्या नावाने दाखवण्यापेक्षा सात मिनिटे उशीर परवडतो, आणि नियंत्रण कक्षाला हा उशीर ठाऊक असला तर तो त्याचा हिशेब धरू शकतो.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागेल. संशोधनाच्या रडारला कधी एखाद्या ढगाचा उभा छेद घ्यायचा असतो. त्या काळात पूर्ण स्कॅन नेहमीच्या ठेक्यावर येईलच असे नाही. जोडणीच्या प्रोग्रामने 'दर दहा मिनिटांनी एक फाईल येणारच' असे गृहीत धरले की तो इथे अडखळतो. फाईलची गणती करू नका, तिच्या आतली वेळ वाचा.

आतली वेळ म्हणजे हेडरमधली, फाईलच्या सुरुवातीला रडारने स्वतः लिहिलेली वेळ. फाईल आपल्या सर्व्हरवर कधी उतरली ती वेळ नव्हे. हा फरक एरवी दिसत नाही. लाईन तुटली की दिसतो. तासभर जोडणी बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली की सहा फायली एका दमात येतात, त्याही उलटसुलट क्रमाने. 'सर्वांत शेवटी उतरलेली फाईल म्हणजे ताजी' असा नियम असेल तर चाळीस मिनिटांपूर्वीचा पाऊस आत्ताचा म्हणून दिसतो. ऑपरेटरला ढग मागे पळताना दिसतात आणि त्याचा चित्रावरचा विश्वास उडतो. अर्धवट उतरलेली फाईल हा दुसरा त्रास. पाठवणाऱ्याने फाईल आधी तात्पुरत्या नावाने पाठवावी आणि पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे. ते शक्य नसेल तर घेणाऱ्याने दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा आकार मोजावा, सारखा असेल तरच उघडावा. प्रोग्रामला कुलूपही हवे, म्हणजे आधीची फेरी रेंगाळली असेल तर नवी फेरी तिच्यावर चढणार नाही. जोरदार पावसाच्या दिवशी फायली जड होतात, फेरी लांबते, आणि कुलूप नसेल तर नेमक्या त्याच दिवशी दोन प्रोग्राम एकच चित्र लिहायला धावतात.

जागतिक वेळ आणि आपली वेळ यांतला साडेपाच तासांचा फरक सगळ्यांना पाठ आहे, तरी तो दर वर्षी कुठेतरी घोळ घालतोच. रडारच्या फायलींवर जागतिक वेळ असते. तिथली तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. फोल्डर तारखेप्रमाणे केलेले असतील आणि प्रोग्राम भारतीय तारखेचे फोल्डर उघडत असेल, तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच त्याला काहीच सापडत नाही, कारण फायली कालच्या फोल्डरमध्ये पडत असतात. दिवसा तपासणी केली तर सगळे व्यवस्थित दिसते. म्हणून तपासणी रात्री दोनला करा. आणखी एक खोच आहे: साडेपाच तासांतला तो अर्धा तास. जागतिक वेळेचा पूर्ण तास आपल्याकडे नेहमी साडेच्या ठोक्यावर येतो. रडारचा 'तासाचा पाऊस' १५:३० ते १६:३० असेल आणि महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा १५:०० ते १६:००, तर दोन्ही बरोबर असूनही जुळणार नाहीत. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजला जातो, म्हणजे जागतिक वेळेने ०३:०० ते ०३:००. मंडळात ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी ठरवताना हीच चौकट धरावी लागते. रडारची बेरीज भारतीय मध्यरात्रीपासून केली तर ती तुलनेला निरुपयोगी ठरते.

बेरजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मांजरा, माजलगाव, विष्णुपुरी यांच्या पाणलोटात किती पाणी पडले हे लोक याच बेरजेवरून ताडू पाहतात. तासाची बेरीज सहा चित्रांची. एक चित्र आले नाही आणि पाचच मिळवली, तर तासाचा पाऊस कमी दिसतो. उरलेल्या पाचांना सरसकट वाढवून भागवले, तर ज्या दहा मिनिटांत खरा जोर होता तीच हुकलेली असू शकतात. बेरजेच्या चित्रावर 'सहापैकी पाच' असे छापा, आणि चारपेक्षा कमी असतील तर बेरीज देऊ नका. शिवाय ताशी ४५ किलोमीटरने जाणारा पाच किलोमीटर रुंदीचा जोरदार गाभा दहा मिनिटांत साडेसात किलोमीटर सरकतो. नुसती सहा चित्रे मिळवली की पावसाचे सुटे ठिपके माळेच्या मण्यांसारखे दिसतात आणि दोन मण्यांमधल्या गावात पाऊसच झाला नाही असे वाटते. दोन चित्रांच्या मधली दर मिनिटाची स्थिती ढगाच्या वेगावरून भरून मग बेरीज केली की माळ जाऊन सलग पट्टा येतो.

जोडताना कोणाचे ऐकायचे, हाही प्रश्न वेळेइतकाच महत्त्वाचा. जास्तीत जास्त तीव्रता घेण्याच्या नियमाला एक गुण आहे. सी-बँडची लहर पाच सेंटिमीटरची असते, जोरदार पावसातून जाताना ती विरते. तुळजापूर-औशावर मोठा ढग उभा असला तर सोलापूरच्या रडारला त्याच्यामागचे लातूर फिके दिसते. अशा वेळी हैदराबादच्या दहा सेंटिमीटर लहरीचे एस-बँड रडार लांबून का होईना, पूर्वेकडून तो भाग कमी फिका दाखवते. म्हणून 'जवळचे रडार तेवढे खरे' हा नियम आंधळेपणाने लावू नये. पण जास्तीत जास्तचा नियम जमिनीचे खोटे प्रतिध्वनी, पहाटेच्या तापमान-उलट्याने (खाली गार, वर उबदार हवेने) वाकलेल्या किरणांचे डाग आणि वाय-फायच्या ढवळाढवळीने उमटणाऱ्या सरळ आऱ्या, हे सगळेही इमानदारीने उचलतो. आमचे मत असे: किरणाची उंची आणि तुकड्याचे वय या दोहोंवरून प्रत्येक रडारला वजन द्या, आणि एखाद्याच्या वाटेत मोठा ढग आडवा असेल तेव्हाच त्याचे वजन कमी करा.

दोन रडार एकाच मापाने मोजतात की नाही, हे पाहायला हुमनाबाद-बीदरचा पट्टा सोयीचा आहे. तो सोलापूर आणि हैदराबाद यांच्या जवळपास मधोमध येतो, त्यामुळे दोघांचे किरण तिथे साधारण एकाच उंचीवर असतात. पावसाच्या बऱ्याच दिवसांची, एकाच वेळेची दोघांची मापे घ्या आणि सरासरी फरक काढा. तीन डेसिबलचा (डेसिबल हे रडारवरच्या तीव्रतेचे माप) फरक निघाला तर पावसाच्या नेहमीच्या सूत्राने एकाचा पाऊस दुसऱ्याच्या दीडपट होतो. शिवणीवर रंग एकदम बदलतो त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. ज्या संस्थेचे रडार आहे तिला हा फरक दर महिन्याला कळवा.

आणि कृपा करून चित्रांवरून चित्र जोडू नका. संकेतस्थळावरची रंगीत प्रतिमा उतरवून तिचे रंग ओळखून आकडे काढण्याची पळवाट सोपी वाटते. पण नद्या आणि जिल्ह्यांच्या सीमारेषा पावसावर छापलेल्या असतात, त्या जागी भोके पडतात. जेपीईजीमध्ये रंग कडेला मिसळतात आणि ४० डेसिबलचे ३५ होते. दोन ठिकाणच्या रंगपट्ट्या वेगळ्या असतात ते निराळेच. मूळ आकड्यांची फाईल मिळवण्यासाठी संस्थांशी रीतसर बोलणी करावीत. विभागीय पातळीवरून एक पत्र गेले तर आठ जिल्ह्यांना आठ वेळा मागावे लागणार नाही.

नियंत्रण कक्षातल्या रात्रपाळीच्या ऑपरेटरसाठी चित्राच्या तळाशी एकच पट्टी असावी, मोठ्या अक्षरात, भारतीय वेळेत. उदाहरणार्थ: 'चित्र १६:३०, आवृत्ती १. हैदराबाद १६:२३. सोलापूर १६:२६. नागपूर माहिती नाही. मुंबई १६:२५.' पंधरा मिनिटांपेक्षा जुनी वेळ लाल. ऑपरेटरला शिकवायचे ते इतकेच: आधी पट्टी, मग नकाशा. पाऊस सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत संपत असेल तर तो निसर्गाने कापलेला नाही, एक रडार गळाले आहे. एका चित्रात ढग होता, पुढच्यात नाही, त्यापुढच्यात पुन्हा आहे, असे झाले तर मधल्या चित्राची पट्टी पाहावी. ढग विरला असे समजून कोणालाही 'धोका टळला' कळवू नये.

दुरुस्तीचे वेळापत्रकही याच कामाचा भाग आहे. सोलापूर आणि हैदराबाद एकाच दिवशी देखभालीसाठी बंद झाली तर लातूर, धाराशिव, नांदेड आणि निम्मे बीड आंधळे होतात. दोन्ही संस्थांनी तारखा एकमेकांना कळवाव्यात, आणि एप्रिल ते जून व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी दोन ते रात्री आठ या वेळेत हात लावू नये. वळवाचे आणि परतीचे ढग त्याच वेळी चढतात.

शेवटी एक चाचणी सुचवतो, मेच्या पहिल्या आठवड्यात घेण्यासाठी. रात्री दोनला, कोणालाही न सांगता, एका रडारच्या फायली वीस मिनिटे रोखून धरा आणि मग सगळ्या एकदम सोडा. फायली रोखलेल्या असताना पट्टीवर 'माहिती नाही' आले का, फिकट छटा बदलली का, फायली सुटल्यावर, दुसऱ्यांदा पाहणे बाकी असलेले चित्र आवृत्ती २ म्हणून आपल्या जागी बसले का, तासाच्या बेरजेवर चित्रांची संख्या आली का, आणि कक्षातल्या माणसाने हे ओळखून नोंदवहीत वेळ लिहिली का, हे पाहा. जे चुकेल ते दुरुस्त करायला मृगापर्यंत महिनाभर हाताशी राहतो. चाचणीची तारीख ठरवणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी आठही कक्षांत लावावेत, ही विनंती.

आपले,
रडार-चित्रांवर काम करणारे मराठवाड्यातील काही तंत्रज्ञ व अभ्यासक